मॉडिफाइड गाडीचा विमा

मॉडिफाइड गाडीचा विमा : कारखान्यातून बाहेर पडल्यावर नवे भाग बसवून किंवा इंजिनाच्या संगणकात फेरफार करून जिची ताकद, वेग किंवा पकड वाढवली आहे, अशा मोटारीचा विमा. ढाचा नेहमीच्याच मोटार विम्याचा असतो. मात्र जोखीम मोजण्याची आणि भरपाई ठरवण्याची रीत बदलते. या क्षेत्रातले बहुतेक वाद एकाच गैरसमजातून निघतात. बदल विमा कंपनीला कळवणे आणि त्या बदलाला विम्याचे संरक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गाडीमालकाच्या लक्षात येते ते दावा दाखल केल्यावर.

हप्ता ठरतो तो त्या मॉडेलच्या असंख्य गाड्यांचे अपघात, चोऱ्या आणि दुरुस्तीखर्च यांच्या नोंदींवरून. बदललेली गाडी त्या गटात बसत नाही. तिची ताकद वाढली तरी चेसिस, ब्रेक आणि टायर मूळ ताकदीच्या हिशेबानेच घडवलेले असतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 100 किलोमीटरऐवजी 120 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत 44 टक्के अधिक ऊर्जा असते, आणि थांबताना ती बहुतेक ब्रेकनाच जिरवावी लागते. शिवाय महागडे भाग चोरांना खुणावतात, आणि अपघातानंतर ते सहज मिळत नाहीत.

सर्वात जास्त वाद होतात ते ईसीयू रिमॅपवरून. ईसीयू म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक. त्यात इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा ढकलणाऱ्या यंत्राचा, दाब यांचे तक्ते साठवलेले असतात. ते नव्याने लिहिले की टर्बो इंजिनाची ताकद, एकही भाग न बदलता, अनेकदा 20 ते 30 टक्क्यांनी वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात हा फायदा फारच थोडा असतो, कारण आत ढकलल्या जाणाऱ्या हवेचा दाब वाढवण्याची सोयच तिथे नसते. बॉनेट उघडून पाहिले तरी रिमॅप दिसत नाही, म्हणून तो सांगितला नाही तरी चालेल असे अनेकांना वाटते. पण मोठ्या अपघातानंतर तपासनीस ईसीयूमधली माहिती वाचू शकतो. अनेक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा भरले गेले याची नोंद राहते आणि मूळ फाइलशी तुलना केली की फरक उघड होतो. फोक्सवॅगन समूहाच्या सेवाव्यवस्थेत तर ट्यून केलेल्या गाडीवर ‘टीडी1’ अशी खूण पडते. वॉरंटीचा दावा हाताळताना कंपनी ती पाहते.

बाकीच्या बदलांकडे अंडररायटर, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तोलून हप्ता ठरवणारे, कसे पाहतात हे मालकाच्या अंदाजाशी जुळेलच असे नाही. मोठे ब्रेक म्हणजे सुरक्षितता, असे मालकाचे गणित असते. पण फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा तोल बिघडू शकतो. टायरचा बाहेरचा व्यास 3 टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर साधारण तेवढ्याच प्रमाणात खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे 23. म्हणून ते इंजिनात सोडले की ताकद क्षणात उसळते. अनेक कंपन्या अशा गाडीचा विमा सरळ नाकारतात.

रोल केजचे उदाहरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. शर्यतीच्या गाडीत आत बसवलेली ही लोखंडी नळ्यांची चौकट जीव वाचवते, कारण आत बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि अनेक पट्ट्यांच्या हार्नेसने त्याचे शरीर जखडलेले असते. रोजच्या रस्त्यावर हेल्मेट नसते. त्यामुळे बाजूने धडक बसली की डोके त्याच नळ्यांवर आदळण्याचा धोका असतो. त्यासोबत मूळ सीट काढून बकेट सीट बसवली असेल तर सीटमधली साइड एअरबॅगही गेलेली असते. म्हणजे ट्रॅकवर संरक्षण देणारी वस्तू विमा कंपनीच्या हिशेबात जोखीम ठरू शकते, आणि हा हिशेब रास्त आहे.

माहिती उघड करण्याच्या कर्तव्यामागे जुना इतिहास आहे. सुमात्रातील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या विम्यावरून झालेल्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 मध्ये परम विश्वासाचे तत्त्व मांडले. जोखमीची विशेष माहिती विमा घेणाऱ्याकडेच असते, म्हणून त्याने ती लपवता कामा नये. निकाल मात्र विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला, कारण जे विमा देणाऱ्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते त्याबद्दल त्याला तक्रार करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. तत्त्वाची ही दुसरी बाजू पुढे बराच काळ मागे पडली. ब्रिटनच्या 2012 च्या ग्राहक विमा कायद्याने तिला पुन्हा बळ दिले. तिथे स्वतःहून सगळे सांगण्याचे ओझे ग्राहकावर नाही. विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरे देणे हे त्याचे कर्तव्य आहे. निष्काळजीपणे चूक झाली आणि खरी माहिती मिळाली असती तर कंपनीने फक्त हप्ता वाढवला असता, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. 100 ऐवजी 60 हप्ता भरला असेल, तर दाव्याचे 60 टक्के मिळतात. जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर कंपनी करारच रद्द करू शकते. प्रश्नांवर भर देणारी ही व्यवस्था दोन्ही पक्षांना न्याय देणारी आहे, कारण एअर फिल्टरसुद्धा बदलात मोडतो हे सामान्य माणसाने स्वतःहून ओळखावे अशी अपेक्षा अवाजवी आहे.

तृतीय पक्षाचे नुकसान हा वेगळा मुद्दा. अनेक देशांत मालकाने बदल लपवला असला तरी जखमी झालेल्या त्रयस्थाला विमा कंपनीला भरपाई द्यावीच लागते. नंतर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. लपवाछपवीचा खरा आर्थिक फटका इथे बसतो, कारण गंभीर इजेची भरपाई गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकते.

आता बदल कळवला, कंपनीने मान्य केला, हप्ताही वाढवला, असे धरू. तरीही सर्वसाधारण पॉलिसीत अपघातानंतर मूळ कारखान्याचेच भाग बसवून मिळू शकतात, आणि गाडी पूर्ण निकामी झाली तर त्या मॉडेलच्या बाजारभावाइतकी रक्कम. बदलांवरचा खर्च तिथे धरला जाईलच असे नाही. तो परत मिळायचा असेल तर बसवलेल्या भागांसारखेच भाग देण्याची अट पॉलिसीत लेखी असावी लागते. दुसरा मार्ग ठरीव मूल्याचा. विमा घेतानाच मालक आणि कंपनी गाडीची किंमत ठरवतात, आणि ती पूर्ण निकामी झाल्यास तीच आधार धरतात. त्यासाठी पावत्या, बसवलेल्या भागांची छायाचित्रे, डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मोजलेल्या ताकदीचा तक्ता आणि बहुधा स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. अशी कागदपत्रे मॉडिफाइड गाड्यांत मुरलेल्या खास विमा कंपन्या स्वतःच मागतात, म्हणून मोठे बदल केलेल्या गाडीसाठी त्यांच्याकडे जाणे केव्हाही श्रेयस्कर. फोनवरच्या होकारावर विसंबू नये; मान्यता पॉलिसीच्या पुरवणीत उतरली पाहिजे.

वाढवलेल्या दाबाने पिस्टन फुटला किंवा क्लच जळला, तर ते यांत्रिक बिघाडात जाते. मोटार विमा अपघात, आग, चोरी यांसाठी असतो. ट्रॅकवरची सत्रेही सहसा वगळलेली असतात.

विमा कंपनीने मान्य केले म्हणजे बदल कायदेशीर झाला, असेही नाही. जर्मनीत एखाद्या बदलाने वाहनाचा प्रकार बदलला, इतरांना धोका संभवला किंवा धूर वा आवाज वाढला तर वाहनाचा परवानाच संपुष्टात येतो. त्यामुळे प्रमाणपत्र असलेले भाग वापरण्याची किंवा टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासणी करून बदल नोंदवून घेण्याची पद्धत तिथे रुजली आहे. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या भागाला तिथल्या हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश लागतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याची अडचण निराळी असते. आधीच्या मालकाने केलेला रिमॅप किंवा खाली उतरवलेले सस्पेन्शन नव्या मालकाला ठाऊकही नसते, तरी विम्याच्या अर्जातले उत्तर त्याच्याच नावावर जाते. खरेदीपूर्वी ईसीयूची तपासणी करून घेणे, स्प्रिंग आणि एक्झॉस्टवरचे भाग-क्रमांक कारखान्याच्या यादीशी ताडून पाहणे आणि शंका असेल ती अर्जातच लिहून कळवणे हा यावरचा उपाय आहे. बदल काढून गाडी मूळ स्थितीत आणली, तर तेही कंपनीला कळवावे, म्हणजे हप्ता पुन्हा ठरवून घेता येतो.