जामीन की पॅरोल? न्यूज चॅनलनी कोरोनात केलेला घोळ

कोरोनात न्यूज चॅनलवर 'हजारो कैदी बाहेर' अशी पट्टी फिरली की इकडं कोल्हापुरात कळंबा जेलपासनं बिंदू चौकापर्यंत एकच चर्चा, सगळ्यांची शिक्षा माफ केली बघ. अरे, माफ कुणाचीच नव्हती. काहींना जामीन मिळालेला, काहींना पॅरोल, आणि अँकर दोन्हीला 'सुटका' म्हणून मोकळा.

जेलमध्ये मुळातच क्षमतेपेक्षा जास्त माणसं, तिथं अंतर कुठनं ठेवणार, म्हणून 23 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टानं प्रत्येक राज्याला, कुठल्या कैद्यांना तात्पुरतं बाहेर सोडायचं ते ठरवणारी हाय पॉवर कमिटी नेमायला लावली. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड जेलमध्ये सत्तरच्या वर कैदी पॉझिटिव्ह निघाले, मग कॅमेरेवाले जागे झाले.

केस अजून चालू आहे तो कच्चा कैदी, त्याला कोर्ट तात्पुरता जामीन देतं. शिक्षा लागली तो पक्का, त्याला पॅरोल म्हणजे रजा, आणि ती देतं प्रशासन. महाराष्ट्रानं मे 2020 मध्ये नियम बदलून इमर्जन्सी पॅरोल आणला, आधी 45 दिवस, मग साथीचा कायदा लागू असेपर्यंत 30-30 दिवस वाढवत जायचा, आणि देणार जेलचा सुपरिटेंडंट. सात वर्षांच्या वर शिक्षा असली तर मागच्या दोन्ही वेळा रजेवर सोडल्यावर वेळेत परत आलेला पाहिजे. मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा आणि यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, ह्या कायद्यांखाली आत असलेल्यांना हे दार बंदच. आणि पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, ते नंतर आत काढावेच लागतात, हे एवढं जरी पट्टीवर टाकलं असतं तरी निम्मी बोंब थांबली असती.

आजारपणाचा जामीन तर अजून वेगळा, तो गर्दीवर नाही, त्या एका माणसाच्या तब्येतीवर मिळतो. तेलुगू कवी वरवरा राव, एल्गार परिषद केसमधले आरोपी, तळोजा जेलमध्ये होते, जुलै 2020 मध्ये त्यांना कोरोना झाला. केस चालू, म्हणजे पॅरोलचा विषयच नाही, वरनं यूएपीए, म्हणजे कमिटीचा फायदा पण नाही. शेवटी 22 फेब्रुवारी 2021 ला मुंबई हायकोर्टानं सहा महिन्यांचा मेडिकल जामीन दिला. नाव मोठं म्हणून बातमी तरी झाली, साध्या कैद्याच्या तब्येतीला कोण माईक लावतंय!

24 मार्च 2023 ला सुप्रीम कोर्टानं साथीत बाहेर आलेल्यांना 15 दिवसांत हजर व्हायला सांगितलं, कच्च्यांनी मग रेग्युलर जामीन मागावा, पक्क्यांनी शिक्षेला स्थगिती. त्यावर कुठं डिबेट बघितल्याचं मला तरी आठवत नाही.