गाडीतून उतरा आणि बुडखा बघा

जंगलातल्या रस्त्याने गाडी चालली की दोन्ही बाजूंना हिरवंगार दिसतं, पण ती फक्त कड झाली. रस्त्यामुळे तिथे ऊन पोचतं म्हणून झुडपं, फुलं, फुलपाखरं सगळं दाटीने असतं, आतलं जंगल वेगळंच असतं. म्हणून पायवाट दिसली की गाडी लावा आणि पंधरा मिनिटं तरी आत चाला.

लागवडीच्या जंगलात रोपं मुद्दाम जवळजवळ लावतात, दोन-दोन मीटरवर लावली तर हेक्टरी 2,500 होतात. उन्हासाठी सगळी सरळ वर पळतात, खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात, खोड सरळसोट होतं. पण काही वर्षांनी वर पानांचं छप्पर होतं आणि खाली अंधार, नुसता पाचोळा. मग विरळणी करतात, म्हणजे काही झाडं काढायची आणि उरलेल्यांना जागा करून द्यायची.

तोडलेली झाडं बघून वाईट वाटतं, मलाही वाटायचं. पण एखाद्या ताज्या बुडख्याजवळ उकिडवे बसा, हाताने भुसा झटका आणि वलयं बघा. जिथे थंडीत किंवा कोरड्या दिवसांत वाढ थांबते तिथल्या बऱ्याच झाडांत वर्षाला एक वलय पडतं. मधली वलयं रुंद असतात, तेव्हा झाड लहान होतं आणि ऊन भरपूर होतं, मग ती बारीक होत जातात, इतकी की मोजताना डोळे बारीक करावे लागतात. आणि अचानक परत रुंद! शेजारची झाडं निघाली ना, त्यानंतरची ही वलयं. दुष्काळानेही वलय बारीक होतं, पण ते बहुतेक वेळा एक-दोन वर्षांपुरतं, दाटीची बारीक वलयं मात्र सलग कितीतरी असतात.

विरळणी थोडीथोडीच करावी लागते, कारण दाटीत वाढलेली झाडं सडपातळ असतात, एकमेकांच्या आडोशाने उभी असतात, एकदम मोकळी केली तर वादळात उन्मळून पडतात. वाऱ्याने हलून हलून खोड जाड व्हायला, मुळं घट्ट व्हायला वेळ लागतो.

जपून तोडायचा हा विचार काही आजचा नाही. 1713 साली आजच्या जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींचा कारभार बघणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्सने तो लिहून ठेवला, खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड कमी पडायला लागलं होतं.

वाटेत एखादा कुजका ओंडका पडलेला दिसला तर तो कुणी विसरलाय असं समजू नका, बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेला असतो. लाकडाला कडक करणारं लिग्निन फोडणं हे मुख्यतः बुरशीचंच काम, ती आधी शिरते, मग भुंग्यांच्या अळ्या, मग त्या अळ्यांसाठी सुतारपक्षी. जरा वाकून बघा, वरच्या शेवाळात बोटभर उंचीचं रोप उगवलेलं असू शकतं.