बिनतारी संदेशवहन

तारेऐवजी रेडिओ तरंगांवाटे माहिती पोचवण्याची पद्धत. प्रेषकात (संदेश पाठवणाऱ्या यंत्रात) संदेश वाहून नेणाऱ्या वाहक तरंगाचा परमप्रसर (उंची), वारंवारता (दर सेकंदाची आवर्तने) किंवा कला (आवर्तनातील स्थिती, फेज) संदेशानुसार बदलतात (मॉड्युलेशन); ग्राही (संदेश घेणारे यंत्र) तो बदल ओळखून संदेश वेगळा काढतो.

हेर्ट्‌झ यांनी 1887–88 मध्ये हे तरंग प्रयोगाने दाखवून दिले. या तरंगांवाटे संदेश पाठवण्याचे पुढचे श्रेय वादग्रस्त आहे. लॉज (1894), पॉपॉव्ह (1895) आणि मार्कोनी (एकस्व म्हणजे पेटंटसाठी अर्ज 1896) यांच्या पंक्तीत जगदीशचंद्र बोस यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचे कोलकात्यातील प्रात्यक्षिक 1894 अखेरचे की 1895 चे, याबाबत एकमत नाही. तरंग आल्याचे ओळखणाऱ्या साधनाला शोधक म्हणत; ब्रँली यांच्या धातुचुऱ्याच्या नळीच्या शोधकाला पूर्ववत होण्यासाठी दर संकेतानंतर टिचकी मारावी लागे. बोस यांचा लोखंड व पाऱ्याचा शोधक (1899) आपोआप पूर्ववत होई. 12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडील न्यूफाउंडलंड (आता कॅनडात) येथे इंग्लंडमधील पोल्डूहून आलेली ‘एस’ अक्षराची तीन टिंबे (मोर्स लिपीतील खूण) ऐकल्याचे सांगितले, तेव्हाचा शोधकही पाऱ्याचाच होता. मात्र ऐकणारे ते व त्यांचा साहाय्यक असे दोघेच, आणि वेळ दुपारची. मध्यम लांबीचे तरंग दिवसा आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित पट्ट्याच्या) खालच्या थरात शोषले जातात, म्हणून या दाव्याबद्दल शंका घेतली जाते. लघुतरंगांचे घटक पोचले असावेत, असेही काही अभ्यासक मानतात. त्यापेक्षा 1902 मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर फितीवर उमटलेले संकेत भक्कम पुरावा ठरतात: रात्री 2,000 किमी.च्या पुढे, दिवसा मात्र सुमारे 1,100 किमी.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की संकेत 6 डेसिबलने घटतो, म्हणजे त्याची शक्ती चौथाई उरते (दर 10 डेसिबलला शक्ती दहापटीने कमी होते). 2.4 गिगाहर्ट्‌झला 1 किमी.वर ही घट सुमारे 100 डेसिबल. म्हणजे 100 मिलिवॉट सोडले, तर दोन्हीकडे समदिक् (सर्व दिशांना सारख्या) अँटेना धरून हाती 10 पिकोवॉट (पिकोवॉट म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग) येतात. 20 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील उष्णताजन्य गोंगाट (उष्णतेमुळे ग्राहीत आपोआप उमटणारा अवांतर संकेत) सुमारे 0.08 पिकोवॉट असल्याने एवढेही पुरते.

समोरचा मनोरा डोळ्यांना दिसतो म्हणून मार्ग मोकळा समजू नये. वरील उदाहरणात मार्गाच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधील सरळ रेषेभोवतीच्या, तरंगांना लागणाऱ्या लांबट जागेची) त्रिज्या सुमारे 5.6 मी. भरते; निदान तिच्या 60 टक्के, म्हणजे 3.4 मी., भाग झाडे व छपरे यांपासून मोकळा हवा. खोलीत भिंतींवरून परतलेले तरंग काही जागी एकमेकांना मारक ठरतात आणि तेथे संकेत जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी अँटेना अर्ध्या तरंगलांबीहूनही कमी, तीन-चार सेंमी. सरकवली तरी संकेत पुन्हा मिळू लागतो.

गच्चीवरील जोडणी पावसानंतर मंदावली, तर अँटेना बदलण्याआधी केबलचा जोड उघडून पाहावा. पाणी शिरलेल्या जोडात तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलेली दिसते. तो भाग कापून नवा जोड बसवावा, वर रबरी चिकटपट्टी खालून वर गुंडाळावी आणि जोडाआधी केबलला खाली झोळ द्यावा.