कॅमेऱ्याची परीक्षा: सीसीटीव्ही प्रमाणीकरणाची पार्श्वभूमी

सायबर सुरक्षेची विहित चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय सीसीटीव्ही कॅमेऱ्याचे कोणतेही मॉडेल भारतात बनवता, आयात करता किंवा विकता येऊ नये, ही तरतूद ९ एप्रिल २०२५ पासून खऱ्या अर्थाने लागू झाली. वृत्तपत्रांनी तिची दखल बहुतांशी ‘चिनी कॅमेऱ्यांना चाप’ अशाच मथळ्यांखाली घेतली. ते सर्वस्वी चूक नाही, कारण नियमामागची चिंता तीच होती. परंतु नियम लागू होतो तो देशी-विदेशी सर्वच उत्पादकांना, आणि त्याची झळ चिनी कंपन्यांइतकीच कोरियन, अमेरिकी, युरोपीय व भारतीय कंपन्यांनाही बसली. इलेक्ट्रॉनिक सुरक्षा व्यवसायातील नव्या प्रवाहांची चर्चा सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरू होऊन तिथेच संपते. या व्यवसायाची घडी मात्र या एका निर्णयाने अधिक विस्कटली, म्हणून त्याची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे.

दूरच्या इतिहासात फार रेंगाळण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अशी यंत्रणा वापरली गेली. पुढे व्हिडिओ टेप आली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टेपची जागा हार्ड डिस्क असलेल्या डीव्हीआरने (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरने) घेतली. १९९६ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीने थेट संगणक-जाळ्याला जोडता येणारा, म्हणजे आजच्या भाषेत आयपी, कॅमेरा बाजारात आणला, आणि २००८ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांशी जुळवून घेता यावे म्हणून एक सामाईक मानक ठरवण्यास सुरुवात झाली. हे सारे घडत असताना भारतात सीसीटीव्ही ही बँका, विमानतळ आणि मोजक्या कारखान्यांपुरती मर्यादित गोष्ट होती.

चित्र पालटले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील चित्रण सर्व देशाने पाहिले आणि कॅमेरा हा पुरावा ठरू शकतो, याची जाणीव प्रथमच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्क येथील बेकरीत स्फोट झाला, तेव्हाही तपासाची बरीच भिस्त बेकरीतल्याच कॅमेऱ्यावर राहिली. मुंबई शहरासाठी स्वतंत्र कॅमेरा-जाळे उभारण्याचे ठरले खरे, पण निविदा पुन्हा पुन्हा फसत गेल्या. सुमारे दीड हजार ठिकाणी ४,७१७ कॅमेऱ्यांचे हे जाळे ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर जवळपास आठ वर्षांनी, पूर्ण झाले.

सरकारी निविदा अडल्या होत्या त्याच काळात खासगी बाजार मात्र कुणाची वाट न पाहता वाढला, आणि आजच्या पेचाचे मूळ त्या वाढीत आहे. २०१२ च्या सुमारास जुन्याच कोॲक्सिअल केबलवरून मेगापिक्सेल दर्जाचे चित्र पाठवण्याचे तंत्र चीनमधून आले. आयपी कॅमेऱ्याला लागणारे पीओई स्विच (एकाच केबलवरून वीज आणि माहिती देणारी पेटी), नेटवर्कचे ज्ञान आणि महागडी मांडणी यांतले काहीही न करता बाजारात ‘थ्री प्लस वन’ म्हणून ओळखली जाणारी केबल ओढायची, दोन्ही टोकांना बीएनसी जोडणी बसवायची, एसएमपीएस या वीजपुरवठा पेटीवरून बारा व्होल्ट द्यायचे, की दोन मेगापिक्सेलचा बुलेट किंवा डोम कॅमेरा सुरू. वायरमनचे काम येणाऱ्या कोणत्याही तरुणाला हा धंदा शिकता येत होता. सराफाचे दुकान, पेट्रोल पंप, शिकवणी वर्ग, गृहनिर्माण संस्था अशा सर्व ठिकाणी चार किंवा आठ कॅमेऱ्यांचा संच पोहोचला तो याच मार्गाने. कॅमेऱ्यावर नाव भारतीय कंपनीचे असले, तरी आतला बोर्ड आणि त्यावरील आज्ञावली (सॉफ्टवेअर) चीनमधून येणे ही त्या काळातील सर्वमान्य रीत होती, आणि त्यात कुणाला वावगेही वाटत नव्हते.

याच संचाबरोबर आणखी एक सोय आली. डीव्हीआरला इंटरनेट जोडायचे, त्याच्या पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करायचा, की मालकाला घरबसल्या दुकान दिसू लागते. हे चित्र मोबाइलपर्यंत पोहोचावे म्हणून डीव्हीआर आधी उत्पादकाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, आणि तो सर्व्हर कोणत्या देशात आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसे. ‘ॲडमिन’ हे वापरकर्त्याचे नाव आणि एक ते पाच हे आकडे हा पासवर्ड, अशी कारखान्यातून येणारी मांडणी वर्षानुवर्षे तशीच राहत असे. पुढे कंपन्यांनी पहिल्याच वेळी पासवर्ड बदलणे सक्तीचे केले, तेव्हा जोडणी करणाऱ्यांनी आपल्या सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच पासवर्ड ठरवून टाकला. वार्षिक देखभाल करारावर (एएमसी) काम करताना ते सोयीचे होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये या सोयीची किंमत जगाला कळली. इंटरनेटवरील पत्ते सांभाळणाऱ्या एका अमेरिकी सेवेवर प्रचंड हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली, आणि हल्ला करणारी उपकरणे प्रामुख्याने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर असल्याचे निष्पन्न झाले. हल्लेखोरांनी कोणतीही अवघड युक्ती वापरली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी एकामागून एक लावून पाहिली होती, एवढेच. २०१७ आणि पुन्हा सप्टेंबर २०२१ मध्ये जगातील सर्वांत मोठ्या कॅमेरा उत्पादकाच्या उपकरणांत गंभीर त्रुटी उघड झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी सायबर अभ्यासकांनी लडाखलगतच्या भागातील भार प्रेषण केंद्रांना, म्हणजे वीजवाटपाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांना, लक्ष्य करणाऱ्या एका मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला. त्या मोहिमेची सूत्रे हलवण्यासाठी ताब्यात घेतलेले डीव्हीआर आणि आयपी कॅमेरे वापरले गेले होते. चोरावर नजर ठेवण्यासाठी बसवलेले यंत्र वीजयंत्रणेवरील हल्ल्यात साधन ठरू शकते, हे तेव्हा तर्कापुरते उरले नाही.

सरकारी पातळीवरील प्रतिसाद तुकड्या-तुकड्यांनी आला. २०१७ मध्ये सीसीटीव्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर सक्तीच्या नोंदणीखाली आले, परंतु ती नोंदणी विद्युत सुरक्षेपुरती होती: उपकरणाचा शॉक लागू नये, त्याने पेट घेऊ नये, इतकेच ती पाहत असे. त्याच वर्षी सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा आदेश निघाला. २०२० मध्ये सीमेलगतच्या देशांतील निविदाकारांवर निर्बंध आले. मार्च २०२१ मध्ये लोकसभेत सरकारनेच सांगितले, की शासकीय संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत आणि चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्यासारख्या त्रुटी त्यांत संभवतात. एवढे मान्य केल्यावर पुढची पायरी तातडीने यावी अशी अपेक्षा होती, पण ती यायला तीन वर्षे लागली. दरम्यान अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने आपल्या सरकारी खरेदीतून ठरावीक चिनी कंपन्या वगळल्या, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनने संवेदनशील ठिकाणी असे नवे कॅमेरे बसवणे थांबवण्याचे आदेश आपल्या खात्यांना दिले.

भारताने मात्र कंपन्यांची यादी करण्याऐवजी चाचणीचा मार्ग धरला. मार्च २०२४ मध्ये सरकारी खरेदीसाठी आणि ९ एप्रिल २०२४ च्या राजपत्रातील अधिसूचनेने संपूर्ण बाजारासाठी सुरक्षेच्या ‘अत्यावश्यक अटी’ जारी झाल्या. चाचणीत नेमके काय तपासतात, हे वादाच्या गदारोळात बाजूला पडले. कॅमेऱ्याचे कवच उघडले की बोर्डाच्या कडेला तीन-चार बारीक तांब्याचे ठिपके दिसतात. कारखान्यात दुरुस्तीसाठी ठेवलेले हे दार आहे. तिथे तारा डाखून संगणकाला जोडल्या, तर अनेक स्वस्त कॅमेऱ्यांमध्ये कोणताही पासवर्ड न विचारता संपूर्ण यंत्रणेचा ताबा मिळतो. नव्या अटींनुसार हे दार बंद असले पाहिजे किंवा त्याला कडक कुलूप असले पाहिजे. प्रत्येक नगाची गुप्त डिजिटल किल्ली स्वतंत्र असावी; कॅमेरा सुरू होताना आज्ञावली मूळ उत्पादकाचीच आहे याची खात्री त्याने स्वतः करून घ्यावी; जुनी, सदोष आवृत्ती पुन्हा चढवता येऊ नये; आज्ञावलीत लपवलेला पासवर्ड नसावा; चित्रण कूटबद्ध होऊनच, म्हणजे इतरांना न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपातच, बाहेर जावे; आणि मुख्य चिपसह महत्त्वाचे घटक कोठून आले याचा हिशेब उत्पादकाने द्यावा, असे या अटींचे साधारण स्वरूप आहे. तांत्रिक दृष्टीने यांतली एकही अट अवाजवी म्हणता येणार नाही. बँकेच्या कार्ड-यंत्राकडून आपण याहून अधिक अपेक्षा ठेवतो.

वाद पेटला तो अन्य दोन बाबींवरून. पहिली बाब स्रोत-आज्ञावलीची (सोर्स कोडची). ती तपासणीसाठी खुली करावी, प्रसंगी परदेशातील कारखाना पाहू द्यावा, या अपेक्षेला विदेशी उत्पादकांनी व्यापारी गुपिताच्या नावाखाली जोरदार हरकत घेतली. ही हरकत पूर्णपणे फेटाळण्यासारखी नाही. पण ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे सदोष आज्ञावली विकून दुरुस्तीची जबाबदारी ग्राहकावर ढकलली, त्यांच्या तोंडी ती शोभतही नाही. दुसरी बाब अधिक व्यवहाराची होती. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आणि मॉडेल्स अगणित. एप्रिल २०२५ च्या आरंभी झालेल्या बैठकीत सतरा देशी-विदेशी उत्पादकांनी मुदतवाढ मागितली, ती नाकारण्यात आली, आणि पुढच्या दोन महिन्यांत प्रलंबित अर्जांची संख्या शेकड्यांत गेली. मोठ्या कंपन्यांनी आपल्या मॉडेल्सची संख्या घटवून निभावून नेले. चीनमधून तयार बोर्ड आणून त्यावर आपले नाव घालणाऱ्या छोट्या व्यावसायिकाकडे मात्र स्रोत-आज्ञावली मुळात नसतेच, मग तो ती तपासायला काय देणार? नियमाने बाजारातून सर्वांत आधी पुसला गेला तो हा वर्ग. धोरणकर्त्यांच्या मनात हेच होते का, याचे स्पष्ट उत्तर कोठेही सापडत नाही.

चिपचा गुंता त्याच्याच जोडीचा आहे. एकेकाळी जगातील निम्म्याहून अधिक कॅमेऱ्यांत एकाच चिनी कंपनीची चिप असे, असे या व्यवसायात सर्रास मानले जाई. २०२० मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे तिचे उत्पादन अडले आणि तैवानी चिपना एकाएकी मागणी आली. भारतीय उत्पादकांनी आज जे ‘देशी कॅमेरे’ चाचणीला पाठवले, त्यांतील मोठा भाग या स्थित्यंतरामुळेच शक्य झाला. भिंग, संवेदक आणि चिप अजूनही बाहेरूनच येतात. देशात होते ती प्रामुख्याने जुळवणी आणि आज्ञावलीची लिखाई.

या साऱ्या चर्चेत सर्वांत मोठी पोकळी दुर्लक्षित राहिली, ती म्हणजे नियम विक्रीला लागू आहे, भिंतीवर आधीच असलेल्या कॅमेऱ्यांना नाही. संसदेत ज्या दहा लाख कॅमेऱ्यांचा उल्लेख झाला, ते या अधिसूचनेने हलत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपास देशभरातील अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांपर्यंत गेला आणि अटक झालेल्यांत लातूर व सांगलीकडचे तरुणही निघाले. चित्रण बाहेर पडले ते कमकुवत पासवर्डमधून, कोणत्याही परकीय सत्तेच्या छुप्या दारातून नव्हे. प्रमाणित कॅमेरा बसवून त्याला जोडणी करणाऱ्याने नेहमीचाच पासवर्ड दिला, तर प्रयोगशाळेच्या अहवालाचा त्या रुग्णालयाला काडीचाही उपयोग नाही. आणि तपासणी कक्षात कॅमेरा का होता, हा प्रश्न तर तंत्रज्ञानाचा नव्हेच.

चेहरा ओळखणे, गर्दी मोजणे, गाडीचा क्रमांक वाचणे ही कामे आता कॅमेऱ्यातच होऊ लागली आहेत. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने अंमलात येत असून, शासकीय यंत्रणांसाठी त्यात ठेवलेल्या सवलती मोठ्या आहेत.

पुराव्याच्या बाबतीत मात्र कायद्याची भूमिका अधिक स्पष्ट होत गेली, आणि त्यात जालन्याचा वाटा आहे. तेथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला, की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक चित्रण सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाल्यास बदलणारी तिची डिजिटल खूण, नोंदवावे लागते. कॅमेऱ्याच्या सुरक्षेची अधिसूचना आणि हा कायदा एकाच वर्षातले असूनही एकमेकांना कोठे स्पर्श करीत नाहीत. न्यायालयात सादर झालेले चित्रण प्रमाणित कॅमेऱ्याचे आहे की पदपथावरून विकत घेतलेल्या, याची विचारणा त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नाही.