ओळंबा, हिमालय आणि दीडशे मीटरांचा फरक

पुण्यातल्या एखाद्या बांधकामावर गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तेव्हा दोरीचे वजन सरळ खाली लोंबते आहे याविषयी त्याला शंका नसते, आणि भिंतीपुरती ती असण्याचे कारणही नाही. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी करणाऱ्यांना मात्र हीच दोरी नडली.

१८०२ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, डोंगरमाथ्यांवर चढवत, मोजणी उत्तरेकडे नेली. १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८४१ पर्यंत ही त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली. जंगल तोडताना तापाने मेलेल्या खलाशांची, म्हणजे मोजणीच्या मजुरांची, नावे बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत, ही या कामाची दुसरी बाजू.

सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना यांच्यातील अक्षांशांचा फरक दोन रीतींनी काढला गेला: एकदा जमिनीवरील त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून, ज्यात सरळ वर कोणते हे ओळंब्यावरून ठरते. दोन्ही उत्तरांत सुमारे सव्वापाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरांहून थोडे अधिक, अंतर राहिले. सुमारे सहाशे किलोमीटरांत एवढी चूक कोणीही मोजणीदाराच्या माथी मारून मोकळा झाला असता. पण मोजणी इतकी काटेकोर होती की ती सबब चालेना.

हिमालय स्वतःच्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढतो, असे कलकत्त्याचे गणिती पाद्री जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणिताने दाखवले. आणि येथेच खरा पेच निघाला. त्यांच्या गणिताप्रमाणे फरक जवळपास सोळा विकला हवा होता. प्रत्यक्षात तो तिसऱ्या हिश्शाएवढाच होता. म्हणजे एवढ्या मोठ्या पर्वताचे ओढणे कुठेतरी भरून निघत होते. त्याच वर्षी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवले की, पाण्यातल्या ओंडक्याचा मोठा भाग बुडालेला असतो तसे पर्वतांचे हलक्या खडकाचे मूळ खालच्या जड थरात खोल रुतलेले असते. पर्वतांच्या मुळांची ही कल्पना भूकंपलहरींच्या अभ्यासानेही पुढे उचलून धरली.

सिंहगडाच्या वाटेवर जुनी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा, आणि मोबाइलवरील स्थान जुळवू पाहणाऱ्याला ठिपका बाजूला पडलेला दिसतो, याचे एक कारण हेच काम आहे: ती टोपोशीट एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आखलेली आहे आणि मोबाइल नव्या आकारावर चालतो.