जंताच्या अंड्याला आतडं कसं कळतं?

माझा पुतण्या रात्री झोपेत दात खातो. करकर, करकर, शेजारच्या खोलीतला माणूस उठून बसावा इतक्या जोरात. यावल तालुक्यातल्या आमच्या घरात यावर चर्चा होत नाही, थेट निकाल लागतो. वहिनी म्हणते, "पोऱ्या रातभर दात खास, पोटमा जंतच शेतस." मग गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो. गोडानं जंत होतात, हा निकाल तर त्याहून जुना.

दात खाणं ही झोपेतली सवय आहे. पुष्कळ मुलांना ती असते आणि बहुतेकांची वाढत्या वयात सुटते. तेवढ्यावरून जंतांचं निदान होत नाही. रात्री शीच्या जागी खाज सुटत असेल, तर ते मात्र बारीक पांढऱ्या सुतासारख्या कृमींचं नेहमीचं लक्षण. गुळाची गोष्ट आणखी सोपी आहे. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, हे फ्रांचेस्को रेडीनं इटलीत १६६८ मध्येच मांसाच्या भांड्यांवर कापड बांधून दाखवलं. गुळातूनही जंत आपोआप होत नाहीत. जंत व्हायला जंताचं अंडं तोंडावाटे आत जावं लागतं. अंकुशकृमीच्या अळ्या तेवढ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात.

शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला जी गोळी चावून खायला देतात, ती याच मंडळींसाठी. २०१५ पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. वय १ ते १९, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी. तिचा रोख तिघांवर असतो: गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी.

गोल जंत सगळ्यांच्या ओळखीचा. मादी वीतभर किंवा त्याहून लांब होते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. त्याच्या अळ्या आतड्यातून रक्तात शिरतात, यकृतातून फुप्फुसात पोचतात, श्वासनळीनं वर चढून पुन्हा गिळल्या जातात आणि मग आतड्यात कायमच्या राहायला येतात. शिमेसू कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरानं १९२२ मध्ये या जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळून पाहिली आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. असे लोक होते म्हणून आपण आज पुस्तकात बाणांची आकृती काढतो.

शीबरोबर बाहेर पडलेलं अंडं लगेच कुणाला बाधत नाही. आधी त्याला दोन-चार आठवडे ओलसर, सावलीच्या मातीत मुरावं लागतं. आता खान्देशातली माती बघा. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो. नांगरून पडलेल्या उघड्या काळ्या शेतात अंडं सुकून मरतं. पण रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत वर पानांचं छप्पर आणि खाली ठिबकची ओल असते. बाहेर आग पाखडली तरी खोडाशी माती गार लागते. आपल्याला आवडते तीच जागा अंड्यालाही मानवते. उघड्यावर बसायला आडोसाही माणूस अशीच जागा बघून शोधतो. पुढे हिवाळ्यात भरीत पार्टी होते. शेतातच वांगी भाजतात आणि सोबत कांद्याची पात, मुळा, सगळं कच्चं. एका बादलीत बुचकळून काढलेल्या जुडीला माती चिकटलेलीच असते, आणि गोल जंताचं अंडं मातीहून चिवट चिकटतं.

पण मला सांगायचंय ते चाबूककृमीबद्दल.

हा जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुढचा भाग केसासारखा बारीक, मागचा जाड, म्हणून चाबूक. बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिवल्यासारखं घुसवतो आणि तिथंच वर्ष-दोन वर्षं राहतो. थोडे असले तर कळतही नाहीत. शेकड्यांनी झाले तर पोराला रक्ताची आव लागते, अंगातलं रक्त कमी होतं, कधी कुंथताना आतडं बाहेर येतं. त्याचं अंडं मायक्रोस्कोपखाली एकदा पाहिलं की विसरत नाही: तपकिरी रंगाची इवलीशी ढोलकी आणि दोन्ही तोंडांना पारदर्शक बूच. वीस ढोलक्या एकापुढे एक ठेवल्या, तर एक मिलिमीटर भरेल.

या ढोलकीला सुटायचं असतं मोठ्या आतड्यात. तोंड, जठर आणि काही मीटर लांबीचं लहान आतडं पार करून ती तिथं पोचते. आतली अळी डोळे-कान नसलेली. आपण मुक्कामी आलो, हे तिला कळतं कशावरून? अलीकडे सुटली तर वाया गेली, उशिरा सुटली तर थेट बाहेर.

उत्तर मिळालं २०१० मध्ये, मँचेस्टरमधल्या संशोधकांना, उंदराच्या चाबूककृमीवर काम करताना. त्यांनी अंडी नुसती ३७ अंशांना ठेवली, तेव्हा फारसं काही झालं नाही. त्याच उबेत ई. कोलाय हे आतड्यातले साधे जिवाणू सोबत टाकले, आणि तास-दीड तासात अंडी फुटू लागली. म्हणजे जिवाणू काहीतरी रसायन सोडत असणार? म्हणून जिवाणू गाळून उरलेलं पाणी अंड्यांवर घातलं. काही नाही. जिवाणूंचा अंगाला अंग लावून स्पर्श व्हावा लागत होता.

मग नीट पाहिल्यावर दिसलं की जिवाणू अंड्याला कुठंही चिकटत नाहीत, नेमके दोन्ही टोकांच्या बुचांवर गर्दी करतात. ई. कोलायच्या अंगावर फिम्ब्री नावाचे केस असतात, जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढे लांब. प्रत्येक केसाच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन, आणि ते मॅनोज नावाच्या साखरेचा रेणू चिमट्यासारखं धरतं. हे केस बनवणारा जनुक काढून टाकलेले जिवाणू वापरले, तर अंडी फुटेनात. केस शाबूत ठेवून पाण्यात मोकळं मॅनोज विरघळवलं, तरी फुटेनात, कारण चिमटे मोकळ्या साखरेनंच भरून गेले, बूच धरायला उरलेच नाहीत. स्टॅफिलोकॉकससारख्या ज्या जिवाणूंना असे केस नाहीत, त्यांच्या संगतीतही अंडी फुटली. म्हणजे दुसरीही एखादी किल्ली आहे. (इथपर्यंत आलात तर पुढचं सोपं आहे.) ज्या उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले होते, त्यांच्यात कृमीही कमी रुजले.

थोडक्यात, अंड्याला मोठं आतडं कळतं ते तिथल्या गर्दीवरून. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. एवढी दाटी वाटेत दुसरीकडे कुठं लागत नाही. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही भुसावळ जंक्शन आलं हे गोंगाटावरूनच कळतं ना, तसं.

साखर घातल्यावर अंडी फुटली नाहीत, हे मी वहिनीला मुद्दाम सांगितलं. तिनं गुळाचा डबा खाली काढला नाही, आणि एका अर्थी बरोबरच केलं. बशीत विरघळवलेलं मॅनोज म्हणजे पोटात गेलेला गूळ नव्हे. तसंच हे वाचून कुणी जंतांसाठी पोराला अँटिबायोटिक देऊ नये. प्रयोग उंदरांवरचा आणि उंदरांच्या कृमीचा आहे. मुलाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पहिल्या तीनेक वर्षांत बसते, ती विनाकारण उठवायची नसते.

गोष्ट इथंच थांबत नाही. २०१८ मध्ये मँचेस्टरहूनच पुढचा भाग आला. आत रुजलेला कृमी यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात तो राहतो त्याच्या, जिवाणूंतले काही स्वतःच्या पोटात घेतो, आणि त्यांच्याशिवाय त्याला नीट जगता येत नाही. शिवाय कृमी मुरलेल्या उंदराच्या आतड्यातली वस्तीच बदलते. अशा उंदराला नवी अंडी खायला दिली, तर ती कमी फुटतात. जनरल डब्यात धक्काबुक्की करून चढलेला माणूस आत शिरल्यावर पहिलं काम कोणतं करतो? दाराला आतून कडी घालतो. पुढच्या स्टेशनवर कुणी कितीही बडवलं तरी उघडत नाही. चाबूककृमीचं गणितही तेच दिसतं. फार गर्दी झाली तर यजमानच आडवा होईल, आणि मग राहायचं कुठं?

म्हणून "चांगले जिवाणू", "वाईट जिवाणू" असं लिहिलेल्या डब्यातली महाग पावडर बघून मला हसू येतं. अंड्याचं बूच उघडणारा ई. कोलाय हा कुणी गुंड नव्हे, आपल्या पोटातला रोजचा भाडेकरू आहे. मोबाईलवर फिरणारे "पोटातलं विष बाहेर काढा"वाले व्हिडिओ तर त्याहून वाईट. तिथं दोरीसारखं काहीतरी दाखवून जंत म्हणतात, आणि ते बहुधा शेंबडासारखा चिकट द्राव असतो. पण हसण्यावारी नेता येत नाही ती डागणी. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्यानं चटके दिल्याच्या बातम्या सातपुड्यात मेळघाटाकडून अजून येतात. आतड्यातला कृमी त्यानं मरत नाही. कातडी जळते, जखम चिघळते आणि दवाखाना गाठायला उशीर होतो.

शाळेतल्या गोळीची एक बाजूही सांगायला हवी. अल्बेंडाझोल कृमीच्या पेशीतल्या सूक्ष्मनलिका बांधू देत नाही, त्यामुळे त्याला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. गोल जंत एका गोळीत जातो. चाबूककृमी मात्र एका गोळीला सहसा पुरता दाद देत नाही, म्हणून आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची जोड देऊन पाहतात. आणि गोळी आतल्या कृमींपुरती. परसातल्या मातीतली अंडी तशीच राहतात, म्हणून ती सहा महिन्यांनी परत खायची.

यंदा पुतण्यानं वर्गात सगळ्यांसमोर ती चावून खाल्ली. घरी येऊन म्हणाला, खडूसारखी लागते. वहिनीनं आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी सकाळी चहा देता देता तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अजून खासच."