दात साफ करणं आणि दात पांढरे करणं

घरात लग्न ठरलं की दातांच्या दवाखान्यात हमखास येणारी मागणी म्हणजे, "डॉक्टर, दात साफ करून द्या, फोटोत पांढरे दिसले पाहिजेत." बोलणाऱ्याला हे एकच काम वाटतं. खरं तर त्यात दोन उपचार मागितलेले असतात. दातांवर साचून घट्ट झालेलं कीटण काढणं म्हणजे स्केलिंग. दाताचा स्वतःचा रंग रसायनाने उजळवणं म्हणजे ब्लीचिंग, ज्याला हल्ली व्हाइटनिंग म्हणतात. पहिला उपचार हिरड्यांसाठी आहे, दुसरा दिसण्यासाठी.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. कुणी स्केलिंग करून येतो आणि "पैसे गेले, दात पिवळेच राहिले" म्हणून नाराज होतो. कुणाच्या हिरड्यांतून रोज रक्त येत असतं आणि तो मात्र पांढरेपणाचं आश्वासन देणाऱ्या पेस्ट बदलत बसतो. पहिल्याचं नुकसान फारतर निराशेचं. दुसरा दात गमावू शकतो, म्हणून आधी कीटणाबद्दल सविस्तर बोलू.

दात घासून काही तास झाले की त्यांवर जंतूंचा मऊ, चिकट थर पुन्हा बसायला लागतो. तो ब्रशने सहज निघतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे मात्र लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार त्या थरात मुरतात. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर खपली धरते तसाच हा प्रकार आहे. दीड-दोन आठवड्यांत थर पक्का होतो आणि मग कितीही जोर लावला तरी ब्रशला दाद देत नाही. स्वतः तपासायचं असेल तर खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आरशात पाहा, आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात, त्यामुळे कीटण सगळ्यांत आधी धरतं ते तिथेच.

कीटण खरखरीत असतं. त्यावर नवे जंतू आणखी सहज चिकटतात आणि हिरडीच्या कडेला ठाण मांडतात. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथपर्यंतचं सगळं पूर्ण बरं होण्यासारखं आहे. पण नेमक्या याच वेळी बहुतेक जण रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश फिरवणंच सोडतात. मग कीटण हिरडीच्या खाली उतरतं, दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड सहसा आपणहून परत येत नाही. या सगळ्यात दुखतं फार थोडं. दात हलायला लागल्यावरच अनेकांना कळतं. तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर रक्ताची खूणही फसवी असते. निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि आतला आजार झाकलेला राहतो.

स्केलिंगमध्ये हेच कीटण काढतात. यंत्राचं टोक सेकंदाला साधारण 25 ते 45 हजार वेळा थरथरतं, त्या कंपनांनी कीटण सुटतं आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जातं. शेवटी पेस्ट लावलेला मऊ रबरी कप फिरवून दात गुळगुळीत करतात, ते पॉलिशिंग. हिरडीच्या खाली खोलवर कीटण असेल तर भूल देऊन, दोन-तीन खेपांत मुळं साफ करावी लागतात.

"साफ केले की दात सैल होतात" हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. त्यामागचा अनुभव खोटा नाही, काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दोन दातांमधली जागा भरून टाकतं आणि आधीच सैल झालेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते निघालं, सुजलेली हिरडी ओसरली, की फटी दिसतात आणि सैलपणा जाणवतो. हाड आधीच गेलेलं असतं, स्केलिंगने फक्त ते उघड होतं. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, खरवडलं जाण्याची भीतीही अशीच. इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आहे, कीटणापेक्षा कितीतरी कठीण, आणि जाणत्या हातात यंत्राचं टोक कीटणच सोडवतं. नंतर काही दिवस गार पाणी झिणझिणतं, कारण झाकलेली मुळं उघडी पडलेली असतात. ते हळूहळू कमी होतं.

आता रंगाचं. निरोगी दात कागदासारखा पांढराशुभ्र नसतोच. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि खालचं डेंटिन पिवळसर, ते वरून दिसत राहतं. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन गडद होतं आणि दात आणखी पिवळे दिसतात. त्यात आजार काही नाही. म्हणजे अगदी स्वच्छ दातही पिवळे असू शकतात, आणि पांढऱ्याशुभ्र दातांच्या मागे कीटणाचा डोंगर असू शकतो.

वरून चढलेले डाग वेगळे. चहा, पान, तंबाखू, मिशरी, आणि जास्त दिवस वापरलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश यांचे तपकिरी-काळे डाग इनॅमलच्या पृष्ठभागावर बसतात आणि स्केलिंग-पॉलिशिंगने बरेचसे निघतात. अशा माणसाला दात साफ केल्यावर खरंच पांढरे झाल्यासारखे वाटतात, आणि दोन उपचारांची गल्लत बहुधा इथूनच सुरू होते. मिशरीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. गावोगावच्या अनेक बाया ती दात स्वच्छ राहावेत म्हणून लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत, निकोटीनची सवय मात्र लागते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सासूने सुनेला दिलेली ही सवय मोडणं हा कुठल्याही ब्लीचिंगपेक्षा मोठा उपचार आहे.

ब्लीचिंगमध्ये काही खरवडलं जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ज्यातून ते तयार होतं ते कार्बमाइड पेरॉक्साइड, जेलच्या रूपात दातांवर लावतात. ते इनॅमलमधून डेंटिनपर्यंत झिरपतं आणि तिथले रंगद्रव्याचे रेणू ऑक्सिडीकरणाने मोडतं. दवाखान्यात तीव्र जेल हिरड्या झाकून थोडा वेळ लावतात. घरी करायचं असेल तर तुमच्या दातांच्या मापाचा पारदर्शक ट्रे बनवून 10 टक्क्यांच्या आसपासचं सौम्य जेल देतात, ते दोन-तीन आठवडे रात्री लावायचं. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. वेळ लागतो, पण दात झिणझिणायला लागले तर एक-दोन दिवस थांबता येतं. परिणाम कायमचा नसतो. चहा-तंबाखू चालू राहिली तर काही महिन्यांत दात पुन्हा पिवळसर दिसू लागतात.

सगळ्या दातांना ब्लीचिंग सारखं लागू पडत नाही. कॅप आणि सिमेंट यांचा रंग त्याने बदलत नाही. लहानपणी टेट्रासायक्लिन गटातली औषधं घेतल्याने करडे झालेले दात फार सावकाश उजळतात. मार लागून काळा पडलेला एकटा दात बहुतेकदा आधी रूट कॅनाल करून आतूनच ब्लीच करावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यात, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत, पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी ठिपके पडतात. ते दात घडत असतानाच आत मुरलेले असतात. कितीही घासा, जात नाहीत. "नीट घासत नाहीस" म्हणून अशा मुलाला बोल लावणं अन्यायाचं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, हे आपलं प्रमाण. त्या गावांचा खरा इलाज पाण्यात आहे.

लिंबू-मीठ चोळणं, जाडीभरडी राखुंडी किंवा कोळशाची पूड लावणं यातून सुरुवातीला दात चकचकीत वाटतात, कारण पृष्ठभागाचे डाग घासले जातात. पण आम्लाने इनॅमल विरघळतं आणि खरखरीत पुडीने झिजतं. गेलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही, आणि खालचं पिवळं डेंटिन जास्तच दिसू लागतं.

दोन्ही उपचार करायचे तर क्रम महत्त्वाचा. आधी स्केलिंग, मग हिरड्या बऱ्या व्हायला आठवडा-दोन आठवडे, कीड असेल तर ती काढून दात भरणं, त्यानंतर ब्लीचिंग. कीटणावर लावलेलं जेल दातापर्यंत पोचत नाही, सुजलेल्या हिरडीला लागलं तर चटका बसतो, आणि उघड्या किडीतून झिरपलं तर ठणका लागतो. पुढच्या दातांना नवी कॅप किंवा सिमेंट बसवायचं असेल तर ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबावं, म्हणजे रंग स्थिरावतो आणि त्याला जुळवता येतं. गरोदरपणात ब्लीचिंग पुढे ढकलावं. स्केलिंग मात्र त्या काळातही करता येतं, दुसरी तिमाही त्याला सोयीची.

ब्लीचिंग आयुष्यात एकदाही केलं नाही तरी बिघडत नाही. स्केलिंगचं तसं नाही. बहुतेकांनी सहा महिन्यांनी-वर्षाने दात दाखवावेत आणि गरज असेल तेव्हा साफ करून घ्यावेत. मधुमेह असेल तर लवकर, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं कठीण होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल तर खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत स्केलिंग अगदी कमी पैशांत होतं. रांग असते, पण वेळ काढून जावं.